अर्धं मीठ

शनिवार, २ मार्च

आजपासून आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत माझा वर्ग सुरू झाला. यादीत चौदा नावं होती, बारा बायका आल्या. फळ्यावर मी तीन नियम लिहिले. एक, घरी शिजवा, बाहेरचं तयार आणू नका. दोन, मीठ निम्मं करा. तीन, तळणीचं तेल-तूप पुन्हा वापरू नका. लिहून झाल्यावर शुद्धलेखन दोनदा तपासलं. बारांपैकी चौघींनाच वाचता येतं, पण चूक ती चूकच.

औषधाच्या बाटलीचं एकेक झाकण मी प्रत्येकीला दिलं. घरात चार माणसं असतील तर एका वेळच्या जेवणाला एवढंच मीठ. मागच्या बाकावरची इन्साफ सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, ही टोपी आमच्या ह्यांच्या डोक्याला अगदी बरोबर बसेल. अक्कल तेवढीच आहे." सगळ्या हसल्या. बियांची सालं तिने ओठावरून थेट जमिनीवर टाकली. ती ओली होती. वर्ग संपल्यावर मीच झाडली.

केंद्राच्या डॉक्टर सुहैर यांनी मला बाजूला घेऊन वर्गातल्या सब्रीच्या आईबद्दल सांगितलं. वय चौपन्न, रक्तदाब एकशे नव्वदवर एकशे दहा. गेल्या वर्षी दोन दिवस तोंड वाकडं झालं होतं. "हिला सांभाळ, वगीह. पुढचा झटका आला तर ही उठायची नाही."

माझी आई अशीच गेली. तीन वर्षं झाली. दुकानाच्या अंगणात पिंपाशेजारी पडली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे होते.

गावात कोणी हे स्पष्ट बोलत नाही म्हणून एकदा लिहून ठेवतो. माझे बाबा फसीख करतात. बोई मासा फुगेपर्यंत उघड्यावर ठेवायचा, मग पिंपात मिठाखाली पुरायचा, आणि वसंतातल्या शम्म नसीमच्या सणाला तो लोकांना विकायचा. आमच्या मीत दरवीश गावात या धंद्याची चार दुकानं आहेत आणि लांबून लांबून गिऱ्हाइकं येतात. पण तो कुजवलेलाच मासा. मी त्यासाठी शाळा सोडली, चार वर्षं अंगणात पाणी ओढलं, आणि पिंपात एकदाही हात घातला नाही. मग मन्सूरा शहरात तीन महिन्यांचा आहार-सहायकाचा अभ्यासक्रम केला. आता मला पगार मिळतो आणि माझे हात कोरडे असतात.

जाताना सब्रीची आई म्हणाली, "उस्ताद बयूमीचा मुलगा ना तू? मग बरोबर माणूस पाठवला सरकारने."

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. कपड्यांना वास येत असणार.

मंगळवार, ५ मार्च

आज मसुराचं कढण केलं. मीठ अर्धं झाकण, वरून लिंबू आणि जिरं. इन्साफने एक घोट घेतला आणि शेजारणीला विचारलं, "कोण आजारी आहे गं?" सब्रीच्या आईने वाडगा पुसून खाल्ला आणि आणखी मागितलं. खाताना तिच्या हनुवटीवरून ओघळ आला, तो तिने ओढणीने पुसला, आणि त्याच ओढणीने माझ्यासाठी पेला पुसला. मी तहान नाही म्हणून सांगितलं.

शनिवार, ९ मार्च

घरभेटी हा कामाचा भाग आहे. आज चार स्वयंपाकघरं पाहिली आणि आता जेवण नको झालं आहे.

सब्रीच्या आईकडे तुपाच्या डब्यात एक लांब केस होता, मेंदीने तांबडा. चहाच्या पेल्यात खाली बोटभर साखर, न विरघळलेली. ती पायाची भेग खाजवत माझ्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता त्याच हाताने तिने भाकरी तोडून माझ्यापुढे धरली. मी सलगमच्या लोणच्याची बरणी दाखवून म्हणालो, "हे विष आहे." चहाकडे बघून म्हणालो, "हेही विष." तूप, तेही. दुसरा शब्द वापरला तर त्या हसण्यावारी नेतात, असा माझा अनुभव आहे.

तिने लोणच्याची बरणी उचलली आणि माझ्यादेखत मोरीत ओतली. गुलाबी पाणी, त्यात मऊ पडलेले तुकडे, मोरीच्या जाळीत अडकलेले. तिचा मुलगा सब्री रिक्षा चालवतो, तो दारात उभा राहून म्हणाला, "आई, ते माझं होतं."

"तुझं होतं म्हणूनच ओतलं. मास्तर काय सांगतात ऐक."

अशी विद्यार्थिनी हवी. पण मला तिच्या घरातून बाहेर पडेपर्यंत तोंडानेच श्वास घ्यावा लागला.

मंगळवार, १९ मार्च

मासा आला आहे. अंगणात ताडपत्रीवर ढीग पडला आहे, पोटं फुगून चकचकीत झालेली, डोळ्यांवर साय आलेली. आमची खोली दुकानाच्या वर आहे. मी खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खोचला.

रात्रीचं जेवण मी माझ्या ताटलीत घेतलं, बाबांनी तव्यातूनच खाल्लं. त्यांच्या दोन्ही हातांना मिठाने चरे पडले आहेत आणि त्यांतून पाणी येतं. ते म्हणाले, "ऐकलं की तू बायकांना मीठ निम्मं करायला सांगतोस."

"हो."

"चांगलं आहे. आमटीत कर, भाजीत कर. पण लेका, मिठाची कामं दोन. ताटात ते चव असतं. पिंपात ते राखणदार असतं. तिथे निम्मं केलंस तर राखणदार अर्धा वेळ झोपतो, आणि मग आत..."

त्यांच्या मिशीत माशाचं एक खवलं चिकटलं होतं. बोलताना ते हलत होतं. मी ताटली उचलून मोरीवर गेलो आणि नळ सोडला. पुढचं मला ऐकू आलं नाही. धंद्याचंच काहीतरी असणार.

मंगळवार, २६ मार्च

वर्ग संपल्यावर सब्रीची आई मागे थांबली. इन्साफ दारात चपला शोधत होती.

"लेकरा, एक विचारायचं होतं. सणाला फसीख तर लागणारच. सब्री ऐकायचा नाही, आणि खरं सांगते, मीही ऐकायची नाही. पण बाजारातलं आणू नका म्हणतोस, तेही पटतं. कोणी कधी घातलेलं, कोणाच्या हाताचं. मग घरीच घातलं तर?"

ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे अंगणातला ढीग आला. मला तो विषय संपवायचा होता.

"घालायचंच असेल तर घरी घाला," मी म्हणालो.

"आणि मीठ?"

"नियम एकच आहे. निम्मं."

"फसीखालाही?"

"सगळ्याला."

"बघ हं. कमी मिठाचं मी कधी घातलं नाही. पण तू उस्तादाचा मुलगा. तुला नाही ठाऊक तर कोणाला ठाऊक."

इन्साफ दारातून म्हणाली, "मास्तर, सगळ्या घरी घालू लागल्या तर बाप काय विकेल, वारा?"

खरं तर तो विचार मला आवडला. ज्या दिवशी या गावात ही पिंपं रिकामी राहतील त्या दिवशी मी खिडकी उघडेन.

शनिवार, १३ एप्रिल

सब्रीच्या आईचा रक्तदाब एकशे पन्नासवर पंचाण्णव. डॉक्टर सुहैर यांनी दोनदा मोजला. सहा आठवड्यांत चाळीस अंश. इतर सात जणींचाही उतरला आहे. "मी मन्सूराला कळवते," त्या म्हणाल्या. "जुलैपासून तुझी जागा कायम व्हायला हरकत नाही."

सब्रीच्या आईने सगळ्या वर्गाला ताठ मानेने आकडा सांगितला. तीन वेळा सांगितला. मला त्या वेळी आईची आठवण झाली आणि फळा पुसायला पाठ फिरवावी लागली.

हल्ली मी वर्गात शिरलो की त्या कुजबुजतात आणि गप्प होतात. काल घरभेटीत तीन घरांच्या गच्चीवर नवी बरणी दिसली, तोंडाला फडकं बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, "सणाची गंमत आहे, मास्तर, तुमच्याच रीतीने केलेली." फडकं मी उघडलं नाही. वास ओळखीचा होता. मी जिना उतरून खाली आलो.

इन्साफचा मात्र एकशे सत्तरच. तिच्या पिशवीत खारवलेलं चीज सापडलं, रुमालात गुंडाळलेलं, रुमाल ओला पिवळा झालेला. तिच्या नावापुढे मी लिहिलं: प्रगती नाही.

रविवार, २८ एप्रिल

उद्या सण. सकाळपासून दुकानापुढे रांग. लोक मासा नाकाशी नेऊन हुंगतात, मान डोलावतात, बोटं चाटतात आणि त्याच बोटांनी पैसे देतात. एका माणसाने मूल खांद्यावर घेतलं होतं. त्याने माशाच्या पाठीतला लालसर तुकडा काढून मुलाच्या तोंडात घातला. मुलाने तो चघळून बापाच्या केसांना पुसला. मी वरून बघत होतो आणि बघणं थांबवता येत नव्हतं.

बाबांनी खालून हाक मारली. एकट्याने वजन करणं जमत नव्हतं. मी जिन्यावर उभा राहून म्हणालो, "आई याच मिठात मेली. मी त्याला हात लावणार नाही." रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं.

बाबांनी तराजूतला मासा कागदात गुंडाळला, गिऱ्हाइकाला दिला, आणि पुढच्याला विचारलं, "किती देऊ?"

सोमवार, २९ एप्रिल

जसं झालं तसं क्रमाने लिहितो.

सकाळी सात वाजता सब्री रिक्षाने आला. हातात झाकलेली ताटली. "आईने पाठवलंय. म्हणाली, पहिला मासा मास्तरांचा, त्यांच्याच रीतीचा. आम्ही कालव्यावर जातोय, तुम्हीही या." मी ताटली दोन बोटांनी धरून जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि हात धुतले.

बाबा हात धुवायला वर येत होते. त्यांनी फडकं उचललं. माशाच्या पाठीवर अंगठा दाबला. अंगठा थेट काट्यापर्यंत गेला, लोण्यात जावा तसा.

"हा कोणी घातला?"

"सब्रीच्या आईने."

"मीठ किती?"

"निम्मं."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तिने कोणाला विचारलं होतं?"

मी ओले हात अंगरख्याला पुसत राहिलो.

"वगीह, यात काय झालंय ते वासाला कळत नाही, चवीलाही नाही. मीठ नाही एवढंच मला कळतं, आणि तेवढं पुरे आहे. खाल्लंय का त्यांनी?"

"कालव्यावर गेलेत."

"पळ. मी येतो मागून."

कालव्याच्या काठावर सगळं गाव होतं. प्रत्येक चटईवर मासा, कांद्याची पात, रंगवलेली अंडी, आणि त्यावर माश्या. सब्रीची आई मला पंपाजवळ सापडली. सब्री, त्याची बायको, दोन मुलं, आणि मध्ये परात. सब्री भाकरी तोडत होता.

"खाऊ नका," मी म्हणालो. "विष आहे."

सब्रीची बायको हसली. शेजारच्या चटईवर माझ्या वर्गातल्या दोघी होत्या, त्याही हसल्या. सब्री म्हणाला, "चहा विष, तूप विष, माझं लोणचं विष. आज सण आहे मास्तर, आजचा दिवस विषाला सुट्टी द्या."

"हे खरंच विष आहे."

"आणि बाकीचं खोटं होतं?"

मला दुसरा शब्द सुचेना. दोन महिने मी हाच शब्द वापरला होता, सगळ्यासाठी. सब्रीने घास उचलला. मी परात दोन्ही हातांनी धरली आणि कालव्यात उलटली. मासे गेले, लिंबं गेली, भाकऱ्याही गेल्या. भाकरी पाण्यात पडलेली बघून पलीकडचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि मला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. सब्रीने माझ्या तोंडावर मारलं. दात ओठात रुतला. रक्ताची चव खारट होती आणि मला तिथेच ओकारी आली.

"सोड त्याला," त्याची आई म्हणाली. "पोर धावत आलंय. काहीतरी असेल." मग तिने डोळे चोळले. "सब्री, तू सरकून बस बघू. मला दोन दोन दिसतोयस. एकच पुरे होता."

तिच्या उजव्या डोळ्याची पापणी खाली आली होती.

मी विचारलं, "तुम्ही खाल्लंत का?"

"काल संध्याकाळी एक तुकडा. बरणी उघडल्यावर चाखायला नको? तुला वाईट कसं पाठवणार?"

मंगळवार, ३० एप्रिल

सब्रीची आई जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. पहाटे तिच्या घशात नळी घातली. त्याआधी आरोग्य निरीक्षक येऊन गेले. त्या वेळी ती अजून बोलत होती, जीभ जड, पापण्या दोन्ही मिटलेल्या.

"फसीख कुठून आणलंत?"

तिने बोटाने एक पापणी वर केली आणि खोलीभर शोधलं. मी पायथ्याशी उभा होतो. तिला मी दिसलो, एक की दोन ते माहीत नाही.

"बाजारातून," ती म्हणाली.

"कोणत्या दुकानातून?"

"गर्दी होती."

सब्रीने तोंड उघडलं. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. फरशीवर कोणाच्या तरी औषधाचा पिवळा डाग होता, त्यात माशी अडकली होती. मी त्या माशीकडेच बघत राहिलो आणि गप्प राहिलो. हे मी लिहितो आहे, कारण नंतर मी ते वेगळं सांगेन अशी मला भीती वाटते.

बाहेर सब्री म्हणाला, "आईने शपथ घातलीय म्हणून गप्प आहे. म्हणते, तुझी नोकरी जाईल. तू जा इथून. तुझं तोंड बघवत नाही."

या विषावरचा उतारा कैरोहून येतो आहे. दुपारी गावात चारही दुकानांना सील लागलं. आमच्याही.

मी आज हात सात वेळा धुतले. हातांना काहीच लागलेलं नाही.

बुधवार, १ मे

दाराला तार आणि लाल लाख. आत ईदसाठी ठेवलेली अकरा पिंपं. आमच्या उंबऱ्यावर कोणीतरी थुंकी टाकून गेलं आहे, घट्ट. बाबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. मी फडकं आणून ती पुसली.

"तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू? माझ्या पोराने शिकवलं म्हणून?"

"पिंपं जातील."

"पिंपं पुढच्या वर्षी भरता येतात. तुझं नोकरीचं पत्र पुढच्या वर्षी येईल का?"

पत्र दुपारीच आलं होतं. डॉक्टर सुहैर यांनी ते मला उभ्याने वाचायला दिलं. जागा कायम, एक जुलैपासून. माझं नाव बरोबर लिहिलं होतं. खाली वर्गाचं कौतुक होतं: घरगुती, कमी मिठाच्या स्वयंपाकाचा यशस्वी प्रसार. मी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

मग मला गच्चीवरच्या बरण्या आठवल्या. तीन मी पाहिल्या होत्या. बाकीच्या गच्च्यांवर मी गेलोच नव्हतो. सोमवारपासून रमजान. त्याआधी लोक घरातलं खारवलेलं संपवतात. आणि सगळं गाव म्हणतं आहे, बाजारातलं फसीख वाईट निघालं, घरचं खा.

गुरुवार, २ मे

सकाळी निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. कागद घरून लिहून नेला होता. इथे उतरवून ठेवतो.

"मी, वगीह बयूमी, असं लिहून देतो की सब्रीच्या आईने खाल्लेला मासा कोणत्याही दुकानातला नव्हता. तो तिने घरी घातला होता. त्यात मीठ निम्मं घालायला मी सांगितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं मी म्हणालो नाही. माझ्या वर्गातल्या इतर घरांतही अशा बरण्या आहेत. त्या आजच्या आज उघडू नयेत असं सांगावं."

निरीक्षकांनी वाचलं. "तू बयूमीचाच मुलगा ना? तुला एवढंही ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"चार वर्षं त्या अंगणात काढलीस ना?"

"मी नाक दाबून होतो."

ते हसले नाहीत. माणसं कमी आहेत, घरोघर जायला दोन दिवस लागतील, म्हणाले. मी म्हणालो, मी आणि बाबा जातो.

डॉक्टर सुहैर यांनी पत्र परत घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. "तिचा रक्तदाब खरोखर उतरला होता," त्या म्हणाल्या. "तेवढं तू बरोबर केलं होतंस." खोलीचा फळा मी पुसून आलो.

संध्याकाळी नमुने घेऊन आमचं सील काढलं. सब्रीच्या आईने बोटं हलवली असं रुग्णवाहिकेवाल्याने सांगितलं.

शुक्रवार, ३ मे

नमाजानंतर बाबांनी हातगाडी काढली. गाडीत बरण्या पुरायला फावडं, चुन्याचं पोतं, आणि खिशात एक ताजं अंडं. "लोकांना बोलून पटत नाही," ते म्हणाले. "अंडं दाखवायचं. मीठ पुरेसं असेल तर ते खारवणाऱ्या पाण्यावर तरंगतं. बुडलं तर बरणी आपली."

पहिल्या दारात मी ठरवून ठेवलेलं सगळं बोललो. बाई ऐकत होती, हात कमरेवर. "म्हणजे आता दुकानातलं घ्यायचं," ती माझ्या बाबांकडे बघून म्हणाली. "छान जमलंय बापलेकांचं." बाबांनी बरणीत अंडं सोडलं. ते सरळ तळाला गेलं, दगडासारखं. तिने ते बघितलं, मग तिच्या मुलांकडे बघितलं, आणि मग माझ्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. पाणी भांडी घासलेलं होतं. मी बरणी उचलली.

बरणी मीच उचलायची असं ठरलं होतं. ठरवलं मीच. आतलं पाणी हिंदकळून मनगटावर येत होतं, राखी, तेलकट, वर पांढरा तवंग. वास अंगरख्यात, केसांत, जिभेवर. तिसऱ्या घरापर्यंत पोटात काही उरलं नव्हतं, तरी ओकाऱ्या येत होत्या. बाबा गाडी थांबवत, थोडं थांबत, पुन्हा ढकलत. एकदाही "राहू दे, मी उचलतो" म्हणाले नाहीत.

आठ घरं. आठ वेळा अंडं बुडालं. एकीने कोऱ्या चेहऱ्याने मला औषधाचं झाकण परत दिलं. एकजण रडली, कारण तिची बरणी सासरी पाठवायची होती. कोणी चाखलं आहे का ते प्रत्येक घरी विचारलं. कोणी नव्हतं. दोघी मात्र संध्याकाळी चाखणार होत्या.

शेवटचं घर इन्साफचं. ती उंबऱ्यात बसून बिया फोडत होती. गाडीतल्या बरण्या बघितल्या, माझे कपडे बघितले, आणि नाकाला ओढणी लावली. "मास्तर, आज तुमचा वास आमच्यासारखा येतोय."

"तुमचीही बरणी असेल," मी म्हणालो. "मी जे सांगितलं ते चूक होतं. मला माहीत नव्हतं."

"काय म्हणालात?"

"मला माहीत नव्हतं."

तिने तोंडातलं साल थुंकायचं थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठली, जिन्याखालची बरणी ओढत आणली. बाबांनी फडकं सोडलं, अंडं हळूच ठेवलं. ते खाली गेलं, परत वर आलं, आणि पाण्यावर डुलत राहिलं, अर्धं बाहेर.

बाबांनी अंडं बोटाने दाबून पाहिलं. ते पुन्हा वर आलं.

"मी तुमचं ऐकलंच नव्हतं," इन्साफ म्हणाली. "माझी आई जसं घालायची तसं घातलं. वर्गाला मी चहासाठी येत होते."

बाबांनी आतला एक मासा काढून पाठीवर अंगठा दाबला. मांस घट्ट होतं, लालसर. त्यांनी एक तुकडा तोडून तोंडात घातला आणि डोळे मिटले. दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. अजूनही नाही होत. त्यांनी तो तिला दिला.

मी अंगरख्याचा कोरडा भाग शोधून हात पुसले आणि वही काढली. "मीठ किती घातलंत?" मी विचारलं.

"मोजलं नाही," ती म्हणाली. "मासा दिसेनासा होईपर्यंत."

मी तसंच लिहून घेतलं.